जावयाचा धोंडा

आमचे सासरे समोरच्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. त्याला आधी काहीतरी उचलायला लावत.

पाण्याची घागर, ज्वारीचं पोतं, पाटा, एस.टी.च्या टपावर चढवायची ट्रंक, जे हाताशी असेल ते. माणूस वाकला, की हे एक डोळा बारीक करून त्याच्या गुडघ्यांकडे बघत आणि पुटपुटत, "जय बजरंगबली!" हा देवाचा धावा नव्हता, ते त्यांचं घड्याळ होतं. वजन जमिनीवरून छातीपर्यंत यायला किती वेळ लागला हे ते या जयजयकारावर मोजत. 'जय'ला आलं तर पैलवान. 'बज'ला आलं तर चांगला गडीमाणूस. आणि पार 'बली'पर्यंत रेंगाळलं तर काय म्हणायचं, हे मला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. ते पुढे येईलच.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. गाव त्यांना तात्या हवालदार म्हणे. लष्करातून पेन्शन घेऊन आलेले, मलकापूरजवळ थोडा ऊस, घरात एकुलती एक मुलगी सुशीला. सासूबाई मी बघितल्या नाहीत. दोन वर्षं अंथरुणावर होत्या आणि आमच्या लग्नाच्या बरीच वर्षं आधी गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. भिंतीवरच्या फोटोत त्या नुकतंच काहीतरी जड खाली ठेवून आल्यासारख्या दिसत.

मामांचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणी चहा पिऊन उठलेलं नाही. "गुडघ्यापतूर बाई आन् बापय सारकंच बगा," ते म्हणत. "वज्जं भुईवरनं सुटताना दोघांचीबी कंबार सारकीच कुरकुरती. फरक पडतो गुडघ्याच्या वर. तितनं बापय पळतो आन् बाई चालती." पुरुष ओझं वर फेकतो आणि चटकन त्याच्याखाली शिरतो. बाई ते मांडीवर टेकवते, श्वास घेते, आजूबाजूला पोर तर नाही ना ते बघते आणि मग उरलेला प्रवास सुरू करते. पहिल्याला ते 'झटका' म्हणत, दुसऱ्याला 'दम'. मग ताकद कुणाला जास्त, असं कुणी विचारलं की ते चिडत. "ताकदीचं काय घिऊन बसला? येगाचं इचारा. पोतं शेवटाला दोघांच्याबी डोस्क्यावर जातंय का न्हाई?"

दुष्काळी कामावर ते काही महिने मुकादम होते. बाया खडीच्या पाट्या उचलत, गडी दगड उचलत आणि हे मधोमध उभे राहून दिवसभर 'जय बजरंगबली' करत. मजुरांना वाटे, मुकादम फारच देवभोळा आहे. एका म्हातारीनं तर त्यांना शनिवारचा उपास सुचवला होता.

आता माझ्याविषयी. मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात कारकून होतो. वजनाशी माझा संबंध काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचण्यापुरता. अंगकाठी म्हणाल तर शर्ट वाळत घातलाय की मी उभा आहे, हे लांबून कळत नसे. सुशीलाला बघायला आम्ही गेलो. पोहे झाले, चहा झाला, मुलीला विचारायचं ते विचारून झालं. माझे काका देण्याघेण्याचा विषय काढायला घसा खाकरतायत, तेवढ्यात हवालदार उठले.

"पावणं, जरा परड्यात चला."

घरामागच्या परड्यात तांब्याचा हंडा काठोकाठ भरून ठेवला होता. शेजारी हातभर उंचीचा कट्टा. "ह्यो त्या कट्ट्यावर ठिवा," ते म्हणाले.

मी त्या दिवशी टेरिकॉटची नवी पँट घातली होती. ती उधारीवर शिवलेली होती आणि लग्न ठरेपर्यंत भिजू नये, अशी माझी तळमळ होती. मी खाली बसलो, हंडा कुशीत घेतला, मांडीवर टेकवला, थांबलो. पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबलो. मग इंच-इंच करत तो कट्ट्यावर नेऊन ठेवला. थेंबही सांडला नाही. मागे वळून बघतो तर हवालदार डोळा बारीक करून उभे.

"बलीच्याबी फुडं गेलं," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पावणं बाईवानी उचलत्यात!"

दाराआड बायका फिस्सकन हसल्या. त्यांत सुशीलाही होती, हे तिनं नंतर कबूल केलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला. परतीच्या एस.टी.त ते सांगलीपर्यंत एकच वाक्य बोलत होते, "स्थळ गेलं खड्ड्यात." आणि आठवडा व्हायच्या आत हवालदारांचा निरोप आला, मुलगा पसंत आहे.

माझ्याआधी त्यांनी दोन स्थळं परत पाठवली होती, हे मला साखरपुड्यात कळलं. एक खासबागेत कुस्त्या मारलेला पैलवान, दुसरा फौजेतला उंचापुरा जवान. दोघांनी तोच हंडा 'जय'ला उचलून कट्ट्यावर आपटला होता आणि निम्मं पाणी भुईवर. पाणी सांडलं म्हणून पैलवान नाकारणारा आणि हळदीच्या दुकानातला कारकून पसंत करणारा माणूस! गाव म्हणे, बायको गेल्यापासून हवालदाराचं डोकं फिरलंय. मी गावाशी सहमत होतो, पण सुशीला मला आवडली होती, त्यामुळे गप्प बसलो.

लग्नानंतर तिच्या गावी देवदर्शनाला गेलो तेव्हा मारुतीच्या पारासमोर काळाभोर, गुळगुळीत, गोल धोंडा दिसला. मी सहज विचारलं, "हा काय?"

"त्यो व्हय?" सुशीला म्हणाली. "दिवाळीत तुमाला उचलायचाय."

अधिक महिन्यात जावयाला खायला घालतात तो पुरणाचा धोंडा मला माहीत होता. हा उचलायचा होता. त्या गावची रीत अशी, की पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयानं पाडव्याच्या सकाळी मारुतीपुढं हा धोंडा छातीला लावायचा, मगच त्या घरचा नारळ फुटतो.

"आणि नाही उचलला तर?"

"मग सासऱ्यानं उचलायचा," ती म्हणाली. "जावयाचं वज्जं सासऱ्यावर. त्येच्याबिगार पंगत बसत न्हाई."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. धोंड्याचं वजन किती, हे कुणालाही ठाऊक नव्हतं, कारण देवाच्या वस्तूचं वजन करायचं नसतं. मी वजनकाट्यावरचा माणूस, मला हे सहन होईना. कुणी दोन मण म्हणे, कुणी चार. पाऊस चांगला झाला की तो पाणी पिऊन जड होतो, असंही एकानं खात्रीनं सांगितलं. आणि त्या वर्षी, दुष्काळानंतर, पाऊस चांगलाच झाला. सगळा मुलूख आनंदात होता, मी एकटा आभाळाकडे बघून धास्तावत होतो.

माझ्याहून जास्त धास्तावले होते मामा. दर पंधरवड्याला ते एस.टी.नं सांगलीला येत. पिशवीत गावठी अंडी, तुपाची बरणी आणि घरचा वरवंटा. वरवंटा कशाला, तर माझी मूठ घट्ट व्हायला. दुकानामागच्या पटांगणात मला उभा करून ते शिकवत. "पावणं, मांडीवर टेकवू नगा! मांडी बाईची! गुडघ्याच्या वर गेलं का झटका! पळा तितनं!" मी पळायचो. वजन तिथंच राहायचं.

एकदा त्यांनी सुशीलाला आणि मला हळदीचं एकेक अर्धं पोतं दिलं. सुशीलानं पदर खोचला, पोतं मांडीवर घेतलं, माझ्याकडे बघून हसली आणि निवांत डोक्यावर नेलं. मी झटका मारला. पोत्याची शिवण माझ्याआधी सुटली. लग्नाला सहा महिने होऊन गेल्यावर मला दुसऱ्यांदा हळद लागली आणि ती निघायला दिवाळी आली.

मामांना त्याची खंत वाटली, पण संशोधन थांबलं नाही. हळद निवडणाऱ्या बायका टोपल्या उचलत तिथं ते जाऊन उभे राहिले आणि टक लावून बघू लागले. एक ठसठशीत बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काय रं म्हाताऱ्या, काय बगतुयास? लाज हाय का?"

"तसं न्हाई, बाई," मामा अगदी निर्मळ मनानं म्हणाले. "म्या फकस्त तुमचं गुडघं बगतुया."

मालकांना मध्ये पडावं लागलं. मी मालकांचे पाय धरले, त्या बाईचेही धरले. मामा मात्र वाटेत मला सांगत होते, "बगितलं का, टोपली ठिवताना तिनं कसा दम धरला? लय शानी बाई." त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. माझी नोकरी जाता जाता वाचली होती हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नवरात्रानंतर सुशीला माहेरी जाऊन आली ती गप्प गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. तात्यांना अंतर्गळ आहे. खोकला आला की ते पोट दाबून धरतात, ते तिनं पाहिलं आणि हट्टानं कराडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या आणि तोवर भरली घागरसुद्धा उचलू नका. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

"मग करू या ना ऑपरेशन."

"म्हणत्यात, धोंडा झाल्याबिगार न्हाई." तिचे डोळे भरले. "आवं, तुमाला न्हाई जमलं तर ते उचलायला जातीलच. त्यांचा सोभाव तुमाला ठावं हाय."

तोवर माझी काळजी अब्रूची होती. चार लोक हसतील, महिनाभर हसतील, मग दुसरा जावई येईल. आता ते सगळं फोल वाटू लागलं. मी धोंडा उचलला नाही तर एक म्हातारा तो उचलायला जाणार होता आणि त्यात मरू शकत होता. मामा पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, या वर्षी दिवाळीला येतच नाही, ताप आला म्हणून सांगतो.

"मग शिमग्याला उचलायला लावत्याल," ते म्हणाले. जरा वेळ पिशवीचे बंद चाचपत बसले. "तुमची काय चूक न्हाई, पावणं. चूक माजी. जावई बगताना म्या पानी बगितलं. धोंड्याचा इचारच केला न्हाई."

याचा अर्थ मला लागला नाही. विचारायला गेलो तर त्यांनी वरवंटा पुढे केला.

पाडव्याची सकाळ उजाडली. मारुतीपुढं सगळं गाव जमलेलं. पाराच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, मधे धोंडा आणि त्याला गुरवानं लावलेला शेंदूर. आणखी एक नवा जावई होता, फलटणकडचा, साखर कारखान्यात कामाला. तो आला, वाकला आणि मामांच्या ओठांवर 'बज' उमटायच्या आत धोंडा त्याच्या छातीला लागलेला होता. शिट्ट्या झाल्या. त्यानं धोंडा टाकला तेव्हा जमीन हादरली.

माझी पाळी आली. "झटका, पावणं!" मामा मागून म्हणाले.

मी बजरंगबलीचं नाव घेतलं आणि झटका मारला. धोंडा गुडघ्यापर्यंत आला. त्याच्या वर मी पळालो, तो आला नाही. हातातून निसटून माझ्या अंगठ्याला घासून खाली पडला. पोरं हसली. "ह्ये हळदीचं गाठोडं न्हवं गड्या!" कुणीतरी ओरडलं.

मी वळून बघितलं. मामा डोक्याचा पटका सोडत होते. पटका त्यांनी नीट घडी करून पारावर ठेवला आणि धोतराचा काचा आवळू लागले. बायकांच्या बाजूनं सुशीलाची हाक आली, "तात्या, न्हाई!" त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

मग मला कसलीच लाज उरली नाही. मी धोंड्यापुढं फतकल मारल्यासारखा बसलो आणि त्याला मिठी मारली. गाव खदखदून हसलं. कुणी म्हणालं, बाळंतीण बसलीया. असेना. मी त्याला रेटत रेटत मांडीवर घेतला आणि थांबलो. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"थांबा!" हा आवाज मामांचा होता. इतके महिने झटका-झटका करणारे मामा धावत पुढे आले होते आणि माझ्यासमोर उकिडवे बसले होते. "पळू नगा, पावणं. मांडीवरच ऱ्हाऊ द्या. दम धरा. हंडा हाय त्यो, काठोकाठ भरलाय. पानी सांडायचं न्हाई. आता उठा. दमानं. लय दमानं."

मी त्यांच्या डोळ्यांत बघत उठत गेलो. वाटेत किती बजरंगबली झाले असतील, कोण जाणे. पाय थरथरत होते, कमरेत काहीतरी कटकन वाजलं, पण धोंडा येत होता. पोटाशी आला, बरगड्यांना खरचटत वर आला आणि छातीला लागला. हसणं केव्हाच थांबलं होतं.

खाली ठेवल्यावर वाद झाला. एक म्हातारा म्हणाला, ही बायकी तऱ्हा, ही धरायची नाही. गुरवानं आमच्या घरचा नारळ घेतला आणि पारावर फोडला. "आरं, मारुती कदी इचारतोय का, किती येळात उचलला म्हून? छातीला लागला न्हवं?" आणि मला गुलाल लावला. मामांनी पटका उचलून डोक्याला गुंडाळला, तो उलटा गुंडाळला गेला आणि दुपारपर्यंत तसाच राहिला.

पुरणपोळीच्या पंगतीत मी बसलो खरा, पण जेवून उठून माजघरात सतरंजीवर आडवा झालो आणि मग उठताच येईना. पाठ लाकडासारखी झाली होती. जरा हललं की कळ थेट मस्तकात जाई. मी तसाच छताकडे बघत पडलो होतो. सुशीला लगबगीनं शेक द्यायला वाळू तापवायला गेली. तेवढ्यात मामा आत आले.

"उठवतो तुमाला," ते म्हणाले. "टेकून बसला का बरं वाटंल."

"मामा, नको. तुम्हाला उचलायची मनाई आहे."

"उचलत कोण हाय? उठवतुया."

मी डोळे मिटून घेतले. झटक्याची वाट बघत होतो. झटका आलाच नाही. त्यांनी एक हात माझ्या मानेखाली सरकवला, दुसरा पाठीखाली, आणि थांबले. मी श्वास आत घेतला, सोडला, परत घेतला. त्या श्वासाबरोबर त्यांचे हात वर येऊ लागले. माझ्या कानाशी ते पुटपुटत होते, "जय... बज... रंग..." एवढा लांबलेला जयजयकार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी उठून बसलो तेव्हा 'बली' अजून यायचं होतं. पाठीत कळ म्हणून आली नाही.

"हे कुठं शिकलात, मामा?"

माझी पाठ त्यांच्या खांद्याला टेकलेली होती, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"सुशीच्या आईचं आंग गेलं हुतं," ते म्हणाले. "लकवा. म्या रजेवर आलो तवा पैल्यांदा उचललं तिला. फौजेत जखमी उचलत्यात तसं. एक झटका आन् वर. मला वाटलं, काय झ्याक उचललं. तिला वरडता येत न्हवतं. डोळ्यातनं नुसतं पानी आलं. म्या बगितलंबी न्हाई, शेजारची गंगूबाई म्हणाली, हवालदार, ह्ये पोतं हाय का?"

बाहेर चुलीजवळ सुशीला कढईत वाळू परतत होती, उलथन्याचा आवाज येत होता.

"मग पेन्शन घिऊन घरीच आलो आन् बायाकडनं शिकलो. कसं टेकवत्यात, कुठं थांबत्यात, सगळं बगून. दोन वर्सं उचललं तिला. नंतर नंतर हसायची ती, अर्ध्या तोंडानं." त्यांनी माझ्या पाठीमागचा खांदा जरा सावरला. "उद्या कुनाला काय हुईल, सांगता येतंय का? धोंडा काय, जल्मात येकदा. माज्या पोरीला कवा कुनी उचलायची येळ आली तर..."

मला परड्यातला तो हंडा आठवला आणि परत पाठवलेला पैलवान. टेरिकॉटच्या पँटसाठी मी जपून उचललं होतं, हे त्यांना सांगावं असं मनात आलं, पण धीर झाला नाही. आजतागायत मी ते कुणाला सांगितलेलं नाही. त्याऐवजी तसा माणूस व्हायचा प्रयत्न मात्र केला.

"ऑपरेशन करून घ्या, मामा," मी म्हणालो.

"करतो की. आता काय, धोंडा झाला." मग ते सावरून बसले. "चला, परत आडवं करतो तुमाला. हालू नगा. उचलणं सोपं आसतंय, पावणं. ठिवणं लय अवगड."

त्यांनी मला ठेवायला सुरुवात केली. कानाशी पुन्हा तोच लांबलचक बजरंगबली. माझं डोकं उशीला टेकलं, पाठ सतरंजीला टेकली, 'बली'ही होऊन गेलं. त्यांचा हात मात्र माझ्या मानेखाली तसाच होता. मीही हललो नाही. सुशीला तापलेल्या वाळूची पुरचुंडी घेऊन दारात आली आणि आमच्याकडे बघून तिथंच थांबली.